आमिषाची परीक्षा



आज जो विषय मी आपणांपुढें मांडणार आहें, तो ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना हंसूं येईल. अमेरिकेंत ‘बास’ नांवाचा एक गोड्या पाण्यांतला मासा आहे. त्याला गळाला लावण्यासाठीं तेथें मऊ प्लॅस्टिकचे खोटे मासे तयार करतात. असा खोटा मासा चांगला कीं वाईट, हें ठरवावें कसें, एवढाच आजचा प्रश्न. प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे. परंतु दहा वर्षांच्या एका मुलानें तो मला विचारला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां, जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेत आलेल्या या शिक्षकाचीच थोडी परीक्षा झाली. म्हणून तो आपल्या कानांवर घालावा असें मनांत आलें.

गेल्या वर्षीं कांहीं महिने मी टेक्सासमध्यें माझ्या मुलीकडे राहिलों होतों. त्या भागांत लेक फोर्क नांवाचा एक विस्तीर्ण जलाशय आहे. क्षेत्र सुमारें २७ हजार एकर. पाण्याखालीं गेलेलीं झाडें पुष्कळ ठिकाणीं तशींच उभीं असल्यामुळें बास माशाला दडावयास तेथें जागा विपुल. १९९२ सालच्या जानेवारींत याच जलाशयांत १८.१८ पौंड वजनाचा बास सांपडला. टेक्सासमध्यें गळाला लागलेल्या बासांत तोच सर्वांत मोठा म्हणून नोंदला गेला आहे. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ शनिवारीं पहांटे मला आणि माझ्या नातवाला आपल्या नावेंतून तेथें नेत.

मी मूळचा कोंकणांतला. आमच्याकडे खाडीच्या कांठीं गळाला कोळंबी लावून मासे धरतात व त्याला ‘गरवणें’ म्हणतात. तेथें आमिषाच्या परीक्षेचा प्रश्न फारसा येत नाहीं. कोळंबी ताजी असली म्हणजे झालें. टेक्सासमध्यें मात्र आमिष हें खाद्य नसून खाद्याचें सोंग असतें, आणि सोंग कितपत वठलें आहे हें पाहणें प्राप्त होतें. नातवानें आपल्या खाऊच्या पैशांतून अशा आमिषांच्या दोन पिशव्या घेतल्या होत्या. एकींतलीं आमिषें महाग, चकचकीत, डोळे रंगवलेलीं. दुसरींतलीं साधीं, एकरंगी, हाताला अधिक मऊ. पहिल्या सकाळीं महागड्या आमिषावर चार बास लागले, साध्यावर एकच. मुलानें जागच्या जागीं निकाल दिला, “आजोबा, हा पास आणि हा नापास!” मींहि मान डोलावली. घरीं परततांना मात्र माझ्या मनाला कांहींतरी टोंचूं लागलें.

तें काय, हें सांगण्यापूर्वीं माशाची ओळख करून दिली पाहिजे. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. रंग हिरवट, कुशीवर एक काळसर पट्टा, आणि तोंड इतकें मोठें, कीं तें मिटलेलें असतां वरच्या जबड्याचें टोंक डोळ्याच्याहि मागें गेलेलें दिसतें. म्हणूनच इंग्रजींत त्याला ‘लार्जमाउथ’, म्हणजे मोठ्या तोंडाचा, बास म्हणतात. भक्ष्याच्या मागें दूरवर धांवत सुटण्यापेक्षां बुडालेल्या ओंडक्याच्या किंवा पाणवनस्पतींच्या आडोशाला टपून बसणें त्याला अधिक मानवतें. भक्ष्य टप्प्यांत आलें कीं तो तोंड एकदम उघडतो. त्यासरशीं आंत पोकळी उत्पन्न होते, पाणी वेगानें आंत शिरतें आणि पाण्याबरोबर भक्ष्यहि ओढलें जातें. हें सारें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच घडतें. घांस संशयास्पद वाटला, तर तितक्याच चपळाईनें तो बाहेरहि टाकतो. घांस घेणें आणि टाकणें यांच्यामधला जो क्षण, तेवढाच गरवणाऱ्याच्या मालकीचा. लांकडापेक्षां मऊ आमिष मासा अंमळ अधिक वेळ तोंडांत धरतो, असा गरवणाऱ्यांचा अनुभव आहे. आणि मऊ आमिषाची सारी थोरवी या जास्तीच्या क्षणांत आहे.

पूर्वीं हीं आमिषें लांकडाचीं असत. अमेरिकेंत जेम्स हेडन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरलेला लांकडी बेडूक प्रसिद्ध आहे. १९४९ सालीं ओहायोमधील ॲक्रन शहरांत निक क्रीम या गृहस्थांनीं विनाइल प्लॅस्टिकचें मऊ गांडूळ घडवलें, आणि तेथून या धंद्यानें नवें वळण घेतलें. गांडुळामागून मासे आले. त्यांतल्या पोहत्या माशांना ‘स्विमबेट’ असें नांव पडलें. त्यांचा गाजावाजा विशेषेंकरून कॅलिफोर्नियांत झाला, व त्याला कारणहि तसेंच घडलें. १९५९ सालीं फ्लॉरिडांतल्या बासांची मोठी वाढणारी जात सॅन डिएगोजवळच्या तलावांत आणून सोडण्यांत आली. दक्षिण कॅलिफोर्नियांतल्या कित्येक तलावांत थंडीच्या दिवसांत, लोकांना गरवण्यासाठीं म्हणून, ट्राउट मासेहि सोडले जात. बासांना तें आयतें वाढलेलें ताटच झालें. ट्राउट खाऊन बास धष्टपुष्ट झाले. मग ते पकडण्यासाठीं लोक ट्राउटच्या आकाराचीं, वीतभर लांबीचीं आमिषें घडवूं लागले. लेक फोर्कमध्यें बासाचें मुख्य खाद्य म्हणजे शॅड नांवाचे रुपेरी मासे. म्हणून तेथें चालणारीं आमिषें आकारानें लहान, चार-पांच इंचांचीं असतात. आमचीं दोन्ही आमिषें याच जातीचीं होतीं.

त्या आठवड्यांत नातवाला घेऊन मीं त्यांची रीतसर परीक्षा मांडली. प्रश्नपत्रिका पांच.

पहिली परीक्षा हाताची व डोळ्यांची. आमिष पाठीवरून न्याहाळावें. नाकापासून शेपटीपर्यंत रेषा सरळ आहे काय? एका कुशीला प्लॅस्टिक अधिक, दुसरीला कमी, असें तर नाहीं? आंत हवेचे बुडबुडे राहिले आहेत काय? ज्या पदार्थाचें हें आमिष करतात तो मूळांत दुधासारखा पातळ असतो: विनाइलची बारीक पूड तेलासारख्या द्रवांत कालवलेली. ती सुमारें १७५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवली कीं पारदर्शक होते. मग रंग व चमकी घालून सांच्यांत ओततात आणि थंड झाली कीं ती रबरासारखी लवचिक होऊन बसते. तेलाचें प्रमाण वाढवलें तर आमिष मऊ होतें, परंतु लवकर फाटतें. वजनासाठीं मीठ घातलें तर तें त्वरेनें बुडतें, परंतु त्याचाहि चिवटपणा कमी होतो. म्हणजे मऊपणा आणि टिकाऊपणा हीं एकाच अंथरुणावरचीं दोन भावंडें. पांघरूण एकाकडे ओढलें कीं दुसरें उघडें पडतें. पिशवींत दुमडून वांकडी झालेली शेपटी हा मात्र कायमचा दोष नव्हे. आमिष कढत पाण्यांत क्षणभर बुडवून सरळ ठेवलें व निवूं दिलें, कीं शेपटी बहुधा पूर्ववत् होते.

दुसरी परीक्षा पाण्याची, आणि माझ्या मतें ती सर्वांत महत्त्वाची. या आमिषाची शेपटी खऱ्या माशासारखी उभी पसरलेली नसते. देठासारखा एक बारीक भाग आणि त्याच्या टोंकाला आडवी, वल्ह्याच्या पात्यासारखी चकती, अशी तिची रचना असते. दोरी ओढली कीं पाणी त्या चकतीवर आपटतें व तिच्या कडांवरून मागें वळतांना एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे असे भोंवरे सुटतात. वाहत्या ओढ्यांत वेळूची काठी उभी धरली असतां ती हाताला थरथरते; त्याचें कारण हेंच. हंगेरींत जन्मलेले शास्त्रज्ञ थिओडोर फॉन कार्मान यांनीं १९११ च्या सुमारास अशा भोंवऱ्यांच्या रांगेचें गणित मांडलें. भोंवऱ्यांमुळें चकती एका बाजूला ढकलली जाते, देठाचा लवचिकपणा तिला परत आणतो, आणि शेपटी हलूं लागते. शेपटी डावीकडे गेली कीं धड किंचित् उजवीकडे कलतें. त्यामुळें कुशीवर उजेड पडून खऱ्या शॅडसारखी झळाळी दिसते.

आतां पाहावयाचें तें हें. स्वच्छ पाण्यांत आमिष प्रथम जलद ओढावें, मग हळूहळू गति कमी करीत जावें, आणि शेपटी कोणत्या गतीला निश्चल होते हें पाहून ठेवावें. जलद ओढलें असतां बहुतेक कोणतीहि शेपटी हलते. त्यांत मोठेपणा नाहीं. खरी कसोटी मंद गतीची. बास हा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी गार झालें कीं त्याचें चलनवलन मंदावतें व तो जलद जाणाऱ्या भक्ष्याच्या वाटेला जात नाहीं. अशा वेळीं अगदीं हळू ओढतांनाहि जी शेपटी हलत राहते, तीच उपयोगाची. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर पाण्याचे सूक्ष्म हेलकावे टिपणारी एक रेषा असते. गढूळ पाण्यांत किंवा अंधुक उजेडांत शेपटीचा हेलकावा त्याला डोळ्यांआधीं या रेषेनें कळूं शकतो. या परीक्षेंत आमचें चकचकीत आमिष गडबडलें. त्याचा देठ जाड व ताठ असल्यामुळें गति कमी होतांच शेपटी काठीसारखी स्थिर झाली. साध्या आमिषाची शेपटी मात्र अगदीं सावकाश ओढतांनाहि आपलें काम करीत होती. उलट जलद ओढल्यावर साधें आमिष एका अंगावर कलूं लागलें, आणि महागडें मात्र नाकासमोर सरळ चाललें.

तिसरी परीक्षा गळाची. बुडालेल्या झाडांत उघडा गळ टाकला तर मासा लागण्यापूर्वीं फांदीच लागते. म्हणून रुंद वांकाचा गळ घेऊन त्याचें टोंक आमिषाच्या पाठींत लपवतात. नाकांत एक मळसूत्र फिरवून आमिष पक्कें बसवतात आणि गळाच्या दांड्याला पोटाखालीं शिशाचें वजन असतें. त्यासाठीं चांगल्या आमिषाच्या पाठीवर खांच असते. अंगठ्यानें आमिष दाबून पाहावें: टोंक सहज बाहेर येतें काय? येत नसेल, तर मासा तोंड मिटील पण गळ त्याला लागणारच नाहीं. शिसें मधोमध नसेल, तर उत्तम आमिषहि वांकडें पोहतें, आणि दोष विनाकारण आमिषाच्या माथीं बसतो. पाण्यांत टाकल्यावर एक, दोन, तीन असे आंकडे मोजून तें किती वेळांत किती खोल जातें हेंहि लिहून ठेवावें. मासा ज्या खोलीवर आहे त्या खोलीवर आमिष नसेल तर बाकीचे सारे गुण फुकट.

चौथी परीक्षा टिकाऊपणाची. नाकाचें भोंक किती फेंकींनंतर सैल होतें, आणि खांच कडेनें चिरत जाते काय, हें मोजतां येतें. येथें साधें आमिष मागें पडलें. दोन-तीन मासे लागले कीं त्याचें नाक फाटून निरुपयोगी होई. किंमतींत तें स्वस्त होतें खरें. परंतु खरी किंमत पिशवीची नव्हे, एका आमिषावर किती मासे निभावतात त्यावरून काढावयाची असते.

रंगाविषयीं दोन शब्द. दुकानांत भिंतभर रंग टांगलेले असतात व मुलांचा जीव त्यांतच गुंततो. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांतल्या संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दाखवलें आहे, कीं या माशाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. एक तांबड्या रंगाला व दुसरी हिरव्याला जागणारी. त्यामुळें तांबडा व हिरवा रंग तो चांगला निवडतो. परंतु पोपटी-पिवळा आणि पांढरा, किंवा गर्द निळा आणि काळा, यांत त्याची गफलत होते. तेव्हां सूक्ष्म छटांसाठीं मोजलेले जास्तीचे पैसे पुष्कळदां माशाच्या नव्हे, माणसाच्या डोळ्यांसाठीं असतात. रंगवलेला डोळा पाहून आधीं गळाला लागतो तो गिऱ्हाईक!

आतां पांचवी परीक्षा. ती माशानें घ्यावयाची. आणि येथेंच त्या पहिल्या सकाळचा निकाल मला टोंचत होता. समजा, दोन्ही आमिषें गुणांनीं अगदीं समान आहेत. तर प्रत्येक मासा कोणत्या आमिषाला लागेल, हें नाणें उडवण्यासारखें झालें. पांच वेळां नाणें उडवलें तर छापा-कांट्याचे एकूण ३२ प्रकार संभवतात. त्यांपैकीं पांचहि सारखे पडण्याचे प्रकार २, आणि चार एका बाजूचे व एक दुसऱ्या बाजूचा असे १०. म्हणजे ३२ पैकीं १२ प्रकारांत, आठांत तीन वेळां, आमिषें समसमान असूनहि ‘चारास एक’ किंवा त्याहून एकतर्फी निकाल लागणारच. इतक्या तोकड्या पुराव्यावर आम्हीं एकाला पास व दुसऱ्याला नापास केलें होतें. त्यांतहि एक पक्षपात झाला होता. महागडें आमिष आम्हीं पहांटेच्या अंधुक उजेडांत, बास चरावयास निघतात त्या वेळीं टाकलें. साध्याची पाळी आली ती ऊन चढल्यावर. एका मुलाला सकाळीं ताज्या मेंदूनें पेपर द्यावा आणि दुसऱ्याला दुपारीं जेवणानंतर, त्यांतलाच हा प्रकार.

एकाच प्रचंड माशावरून आमिषाची कीर्ति गाणें हेंहि असेंच फसवें. या जातींत जगांतल्या सर्वांत मोठ्या माशाचा मान दोघांना विभागून दिलेला आहे: १९३२ सालीं जॉर्जियांत जॉर्ज पेरी यांनीं धरलेला २२ पौंड ४ औंसांचा बास, आणि २००९ सालीं जपानांतील बिवा सरोवरांत मानाबू कुरिता यांनीं धरलेला जवळजवळ तेवढाच दुसरा. पहिला कृत्रिम आमिषावर आला, दुसरा जिवंत माशावर. एवढ्यावरून जिवंत व कृत्रिम यांत उजवें कोणतें, हें कोणी सांगावें?

यावर उपाय सोपा आहे; लागतो तो धीर. एक फेंक या आमिषाची, एक त्या आमिषाची. काठी तीच, दोरी तीच, शिसें तेवढेंच, जागा तीच. ताज्या पाण्यांत पहिली टाकण्याचा फायदा एकालाच मिळूं नये म्हणून एका जागीं हें पहिलें, तर पुढच्या जागीं तें. मासा हातीं आला तर लिहावयाचेंच. पण नुसता झटका लागून सुटला तरी लिहावयाचें, कारण झटका न मिळणें हा आमिषाचा दोष असूं शकतो, व मिळालेला मासा सुटणें हा बहुधा गळाचा. आणि मुख्य म्हणजे, ज्या दिवशीं कांहींच लागलें नाहीं, तो दिवसहि वहींत आला पाहिजे.

हें नातवाला समजावून देतां देतां मला माझ्या वर्गांतला एक मुलगा आठवला. बोलतांना तो अडखळे. एका तोंडी परीक्षेंत, तपासनीस समोर बसले असतां, मीं विचारलेल्या पांच प्रश्नांपैकीं चारांना तो गप्प राहिला, आणि मीं त्याला खालच्या रांगेंत टाकला. पुढें त्याच्या लेखी पेपरावरून नजर फिरवतांना माझी चूक मला उमगली. पण तोंवर वर्ष संपत आलें होतें. चार उत्तरें आलीं नाहींत एवढें खरें होतें. त्यावरून मीं जें अनुमान केलें तें खरें नव्हतें. माशाला किंवा आमिषाला अन्याय झाल्याचें दुःख नसतें. मुलाला असतें.

त्यानंतर कित्येक शनिवार नातवानें वही ठेवली. झटके आणि मासे यांची बेरीज दोन्ही बाजूंना इतकी जवळ आली, कीं केवळ माशांच्या संख्येवरून श्रेष्ठकनिष्ठ ठरवणें आम्हांला योग्य वाटलें नाहीं. पण वहींत दुसरी एक गोष्ट स्पष्ट दिसली. गार सकाळीं, हळू ओढतांना लागलेले मासे बहुतेक साध्या आमिषाचे होते. ऊन पडल्यावर, उघड्या पाण्यांत झपाट्यानें ओढतांना लागलेले महागड्याचे. हौदांतल्या परीक्षेनें जें आधींच सुचवलें होतें, त्याला माशांनीं पाठिंबा दिला. तेव्हां निकाल असा लागला, कीं दोघेहि पास, परंतु निरनिराळ्या विषयांत. नातवाला हा निकाल प्रथम रुचला नाहीं. मुलांना पहिला नंबर हवा असतो. नंतर मात्र गार सकाळीं तो आपण होऊन साधी पिशवी आधीं उघडूं लागला.

जातां जातां एक गोष्ट सांगितली पाहिजे. फाटलेलें आमिष पाण्यांत कुजत नाहीं. तें तळाशीं पडून राहतें, व कधीं मासेच तें गिळतात. मेन संस्थानाच्या विधिमंडळापुढें २०१३ सालीं अशा आमिषांवर बंदी घालण्याचें विधेयक आलें होतें तें याच काळजीपोटीं. बंदी झाली नाहीं, पण काळजी खोटी नव्हती. आमचे शेजारी नावेंत एक डबा ठेवीत. फाटकें आमिष त्यांतच पडावयाचें असा त्यांचा दंडक. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास कायद्यानेंच परत सोडावा लागतो, आणि ते तो पाण्यांत सोडतांना हात आधीं ओला करीत, म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाहीं. आमिष चांगलें कीं वाईट, हें ठरवतांना तें कितीदां टिकतें याला मीं जे गुण दिले, त्यांत या डब्याचाहि वांटा आहे. जें कमी फाटतें, तें तळ्यांतहि कमी राहतें.

परत येण्याच्या दिवशीं नातवानें ती वही मला दाखवली. शेवटच्या पानावर त्यानें पहिल्या सकाळची नोंद पुन्हां उतरून काढली होती: चार आणि एक. तिच्यापुढें ‘पास’ व ‘नापास’ हे शब्द खोडून त्यानें एकच शब्द लिहिला होता: ‘अपुरें.’